काकूंची हळद आणि बिनवासाचा रंग

भिंत खरवडायला घेतली की रंगाखाली रंग निघतो, तसा आमच्या घरात किश्शाखाली किस्सा निघतो. गेल्या हिवाळ्यात एका खोलीच्या भिंती तयार करताना इतके निघाले, की रंग देऊन झाला तरी संपेनात.

सुरुवात एका फोडापासून झाली. कपाट सरकवलं तर मागं भिंतीवर पुरीसारखा टम्म फुगलेला पापुद्रा. मी बोट लावलं, तो फट्कन फुटला आणि मी किंचाळले. आई लाटणं घेऊनच धावत आली. मला दचकायला तसं फारसं काही लागत नाही. आमच्या जळकोटात हायवेवर ट्रकनं हॉर्न दिला तरी माझ्या कपातला चहा बशीत येतो.

पण या वेळी घाबरण्यात अर्थ होता. खोली ताईच्या बाळंतपणासाठी होती आणि ताईला दमा. दिवाळीत सासरी ऑइलपेंट दिला, तर त्या वासानं तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तिच्या सासूबाईंनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, तिकडं ओल किंवा रंगाचा वास असेल तर आम्ही पाठवणार नाही. त्यांचंही काही चुकत नव्हतं. म्हणजे भिंत नीट झाली तरच ताई माहेरी येणार. मग मीही ठरवलं, भिंत नीट होणार!

*

रंग मी निवडला. शेणापासून बनवलेला, विषारी काही नसलेला, वास न येणारा. आमचे नेहमीचे पेंटर रशीदचाचा. त्यांनी डबा उघडला, नाक जवळ नेलं आणि काळजीनं माझ्या वडिलांकडं, अप्पांकडं बघितलं.

"गुर्जी, वासच न्हाय. मग लोकान्ला कळणार कसं, रंग दिलाय म्हणून?"

तेवढ्यात काकू आल्या. काकू म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांच्या पत्नी. त्यांचं घर आमच्या घराला चिकटून, मधे एकच भिंत. डब्यात शेण आहे हे कळल्यावर त्या माझ्याकडं बघतच राहिल्या.

"शेणच पायजे हुतं तर मला म्हणायचं की. म्हशी काय शोभेला बांधल्यात?"

*

जुना ऑइलपेंट कोरडा घासला की त्याची घातक धूळ घरभर बसते. म्हणून मी हट्ट धरला, पाणी मारूनच खरवडायचं, तोंडाला फडकं बांधून. चाचांना हे ओलं काम मुळीच पसंत नव्हतं.

"बेटा, ही भिंतीची हजामत चाललीय," ते म्हणाले. "पानी मारलं, आता साबन बी लावा."

अप्पा निवृत्त मास्तर. थट्टा कळायला त्यांना थोडा वेळ लागतो. ते मुकाट्यानं आत गेले आणि आपला दाढीचा ब्रश घेऊन आले. पण खरं सांगते, खिडकीच्या कोपऱ्यात त्या ब्रशइतकं नेमकं पाणी दुसऱ्या कशानंच बसलं नाही. तो ब्रश चाचांनी ठेवून घेतला. अप्पांनी दाढी वाढवली.

*

सगळं खरवडून झालं तरी खालच्या बाजूला ओलीचा डाग काही हटेना. मी साडीच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी कापून तिथं चिकटपट्टीनं घट्ट लावली. सकाळी बघते तर आतून थेंब जमलेले. म्हणजे पाणी भिंतीतून येत होतं. पलीकडं काय होतं? काकूंचा पाझरणारा रांजण!

काकूंनी आधी ती पिशवी निरखून पाहिली. "भिंतीला साडी घेतली व्हय? बरं झालं. मला दिवाळीला ब्लाऊजपीस बी न्हाय."

रांजण मात्र त्या हलवायला तयार नव्हत्या. त्यांच्या सासूबाईंनी ठेवलेली जागा होती ती. मी त्यांच्या उंबऱ्यात बसले. म्हटलं, काकू, तुम्ही रांजण हलवेपर्यंत मी उठणार नाही. आणि नेमकी त्याच वेळी चौकटीवरून पाल पडली, थेट माझ्या पायावर.

मी किंचाळले. पण उठले नाही.

काकूंनी एकदा माझ्याकडं, एकदा पालीकडं बघितलं. मग आत बघून काकांना म्हणाल्या, "रांजणाला हात लावा वो. पोरगी पालीला बी उठंना, आता कुणाचं ऐकत न्हाय ही."

*

डाग वाळला. चाचांनी भिंतीला चुन्याचा हात दिला. माझं लक्ष नसताना काकू ओल्या हळदीची वाटी घेऊन खोलीत शिरल्या. लेक बाळंतपणाला येणार, कोऱ्या भिंतीला हळदीचं बोट तरी लागायला नको का? त्यांनी पाच बोटं उमटवली. आणि बघता बघता पिवळी बोटं लाल झाली.

"देवीआई आली!" म्हणून काकूंनी हात जोडले. गल्लीतल्या बायका जमल्या, कुणी नारळ आणला, कुणी हळदी-कुंकू. मी बाहेरून आले तर खोलीत ही गर्दी आणि भिंतीवर लाल पंजा. मी दारातच किंचाळले, तर बायकांना वाटलं, माझ्याही अंगात आलं!

मी केमिस्ट्रीची बी.एस्सी. घाम पुसून सगळ्यांना सांगितलं, की चुना अजून कच्चा आहे, कच्च्या चुन्यावर हळद लाल होते, आणि ती पिवळीच राहायला लागेपर्यंत यावर रंग देता येणार नाही. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझ्या कॉलेजात देवी शिकवत न्हाईत," त्या म्हणाल्या.

पण रोज सकाळी एक बोट लावायचं काम त्यांनी आनंदानं घेतलं. बोटं लाल, मग लालसर, मग नारिंगी. एके दिवशी बोट पिवळंच राहिलं. मी आईला मिठी मारली, चाचांनी डबा उघडला. काकू मात्र वाटी घेऊन उंबऱ्यात बसून राहिल्या.

"गेली की गं देवी," त्या म्हणाल्या. "ह्या रंगासाठी घालवलीस."

*

रंग दिल्यावर वासाची परीक्षा. मी सगळ्यांना भिंतीला नाक लावून हुंगायला लावलं. आई म्हणाली, काही नाही. काकू म्हणाल्या, काही नाही, शेणाचा बी न्हाय. अप्पाही तेच म्हणाले, पण त्यांना सर्दी होती, म्हणून त्यांचं मत धरलं नाही. चाचांनी सगळ्यात शेवटी हुंगलं, जरा घाईनंच, अजून ओल्या असलेल्या कोपऱ्यात. घरी जाताना त्यांच्या नाकाला पांढरा ठिपका होता आणि कुणीच सांगितलं नाही.

*

ताई आली त्याच दिवशी धाराशिवला माझी मुलाखत होती. निघताना मी खिडक्या उघड्या ठेवायला बजावलं होतं. मुलाखत उरकून दुपारी फोन लावला. ताईनं उचलला नाही. आईनं नाही. अप्पांनीही नाही. परत ताईला. नुसती रिंग जात होती. स्टँडवर उभी राहून मी एकेकाला पुन्हा पुन्हा लावत होते, आणि डोळ्यांसमोर दिवाळीतला तो दवाखाना येत होता. जळकोटची गाडी लागली, भरली, मला चढायचं सुचलं नाही.

शेवटी काकूंना लावला. कट झाला. परत लावला.

उचलला.

"काकू, ताई कुठंय? खोकतीय का? दवाखान्यात नेलंय का? कुणी फोन का घेत नाही?"

पलीकडून बारीक, दबलेला आवाज आला.

"हळू बोल की गं. समद्यांच्या फोनचा आवाज बंद करून ठिवलाय म्या. झोपलीया ती. भिंतीला नाक लावून."