ताकदीची गोळी

हे आजवर कुणाजवळ बोलले नाही, नवऱ्याजवळही नाही. आज सांगते, पण मध्ये थांबवू नका. एकदा थांबले तर पुन्हा तोंड उघडायचं नाही माझं.

सुभाष माझा धाकटा भाऊ. आम्ही रनाळ्याचे. जवळ कुणी नसताना त्याला आवाज ऐकू यायचे. नंदुरबारच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं — स्किझोफ्रेनिया. तिथल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, त्याला आत बोलवू. आजार काय आहे, बरं वाटलं तरी गोळी का सोडायची नाही, सगळं त्यालाच समजावू. मीच आडवी आले. शिकलेली ना मी! म्हटलं, घाबरेल तो. घरी आमच्या अहिराणीत मी सांगते.

आणि काय सांगितलं? "तुले अशक्तपणा शे, भाऊ. ही ताकदनी गोयी शे."

त्याला जपायला? छे! माझी सोयरीक जुळत आली होती. सुभाषच्या पोटात काही राहत नाही — पारावर बसून अख्ख्या गावाला त्याने आजाराचं नाव सांगितलं असतं. मला माझं लग्न हवं होतं. बस्स.

गोळी लागू पडली. झोपू लागला, जेवू लागला, मिरची वाळवायच्या पथारीवर कामाला जाऊ लागला. माझ्या हळदीच्या दिवशी मिरचीचं पोतं एकट्याने पाठीवर घेऊन दारात उभा, हसत.

"अक्का, देख, ताकद उनी! आते गोयी कसाले?"

तेव्हा तरी बोलायचं ना? घर पाहुण्यांनी भरलेलं. मी हसले, मान डोलावली. त्याने गोळी सोडली.

माझी पाठवणी झाली आणि आवाज परत आले, पहिल्यापेक्षा जोरात. एक दिवस तो घरातून निघून गेला. किती शोधला! सापडला तळोद्याच्या स्टँडवर — अनवाणी, दाढी वाढलेली. मला ओळखलं नाही त्याने.

आता आई रोज गोळी देते, ताकदीची म्हणूनच. पण तो पोतं उचलणारा सुभाष काही परत आला नाही — हात थरथरतात, बोलता बोलता हरवतो.

गेल्या भाऊबीजेला ओवाळत होते. पाटावर बसल्या बसल्या हळूच म्हणाला, "अक्का, मन्हीच ताकद कमी पडनी."

म्हणून रोज सकाळी अंगणात जोर काढतो, आई सांगत होती. दोनचार झाले की कोसळतो, पुन्हा उठतो.

मी ओवाळलं त्याला. तेव्हाही सांगितलं नाही.