सव्वाआठची विचारणा

बाईंना माणसाचं नाव लागायचं. "ही खिडकी कोणाची?" असं त्यांनी विचारलं आणि समोरच्याने "बिलिंग टीमची" असं उत्तर दिलं, की त्या चष्म्याच्या वरून बघत म्हणायच्या, "टीम फोन उचलत नाही. माणसाचं नाव सांगा." मग त्या माणसाचं नाव, आडनाव, नंबर आणि तो रजेवर गेला तर कोणाला विचारायचं, हे सगळं लिहून घेतल्याशिवाय त्या कोणाचंही काम पुढे सरकू देत नसत. नवी पोरं वैतागायची. बाईंना त्याचं काही नसे.

आमची कंपनी औषधांचा घाऊक पुरवठा करायची. ऑफिस मार्केट यार्डाजवळ, गोदाम मांजरीला. रुग्णालयांच्या ऑर्डरी एका सॉफ्टवेअरमध्ये, गोदामातला साठा दुसऱ्यात, बिलं तिसऱ्यात, गाड्या चौथ्यात. या सगळ्यांनी एकमेकांकडून माहिती घ्यायची ती एपीआयमधून. बाई त्याला खिडकी म्हणायच्या. पूर्वी ज्याला जिथे वाटेल तिथे त्याने खिडकी पाडलेली होती. मग कंपनीने एक प्लॅटफॉर्म घेतला. सगळ्या खिडक्या एका दाराच्या आत आल्या, विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला एकेक किल्ली मिळाली आणि कोण कधी आलं, काय विचारून गेलं हे दिसायला लागलं. त्या दाराशी बाई बसायच्या.

संगणकाकडे वळण्याआधी त्यांनी काही वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. ऑफिसातल्या बाकी बायका कोणी मॅडम, कोणी नुसत्या नावाने. या मात्र सगळ्यांच्या बाई. लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये दोघी राहायच्या, आई गेल्यावर एकट्या. हे त्यांनी मला तीन वर्षांत एकदाच सांगितलं, तेही गॅसच्या सिलिंडरचा विषय निघाला म्हणून.

मी उदगीरहून आले तेव्हा कात्रजला एका खोलीत तिघी राहत होतो आणि तिघींच्या शिफ्ट वेगळ्या होत्या. पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, "पुण्यात कंटाळा येतो का?"

"येतो."

"येऊ दे. काम शिकेपर्यंत उपयोगी पडतो."

एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझी खुर्ची त्यांच्या शेजारी ओढून घेतली.

त्यांचं बोलणं अस्सल पुणेरी होतं. कमी आणि लागेल असं. एकाने आपल्या एपीआयला 'स्टॉक न्यू फायनल टू' असं नाव दिलं होतं. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि शांतपणे विचारलं, "बारशाला आत्या नव्हती वाटतं?" तो बिचारा त्याच दुपारी नाव बदलून घेऊन आला. पण रागीट त्या नव्हत्या. ज्याला टोचलं त्याच्याच शेजारी बसून त्या तासभर समजावत.

मग ते जुन्या खिडकीचं प्रकरण आलं. साठा विचारायची जुनी पद्धत बंद करून सगळ्यांना नवीन पद्धतीवर न्यायचं ठरलं होतं. सगळे गेले. एकच किल्ली उरली. रोज सकाळी सव्वाआठला ती किल्ली लावून कोणीतरी एकच प्रश्न विचारायचं: अमुक इन्सुलिन शिल्लक आहे का? उत्तर मिळालं की दिवसभर शांत. किल्लीवर नाव होतं 'टेस्ट-३'. मालकाचा रकाना कोरा.

आमचा मॅनेजर विक्रांत म्हणाला, "बाई, दिवसाला एक कॉल आहे. कोणाची तरी जुनी टेस्ट चालू राहिलीये. बंद करून टाका, शुक्रवारी प्रोजेक्ट क्लोज करायचाय."

"टेस्ट मंगळवारी सुट्टी घेते का?" बाईंनी विचारलं.

विक्रांतला कळेना. बाईंनी स्क्रीन त्याच्याकडे वळवला. सहा महिन्यांत एकाही मंगळवारी विचारणा आलेली नव्हती. "हे माणूस आहे," त्या म्हणाल्या. "मला शुक्रवारपर्यंत वेळ दे."

फोनवरून ऑर्डर देणारी छोटी दुकानं अजून होती. त्यांतून इन्सुलिन मागवणारी आणि मंगळवारी बंद असणारी बाईंनी शोधून काढली. तीन निघाली. बाईंनी तिन्हीकडे स्वतः फोन केला. तिसरं दुकान भोरच्या पुढच्या एका गावातलं होतं. तिथले अण्णा म्हणाले, "व्हय, मीच बघतो की रोज. काय चुकलं का माजं?"

फोनवर सगळं विचारता आलं असतं. तरी बाई गुरुवारी रजा टाकून निघाल्या आणि मला म्हणाल्या, "तूही चल. कळेल कोणासाठी काम करतो ते." स्वारगेटहून एसटीने भोर, तिथून जीपने पुढे.

दुकान एवढंसं, पण लख्ख. काउंटरवर एक जुना संगणक, त्यावर भरतकाम केलेलं कापड. अण्णा सत्तरीचे, ताठ. आम्हाला बघून घाबरलेच. "कंपनीतनं आलाय म्हंजी बंद करायला आला व्हय? तसं असंल तर सांगा सरळ."

"नाही हो. बघायला आलोय. दाखवता का कसं वापरता ते?"

अण्णांनी कापड काढलं, घडी केली. बटण दाबलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं: 'अण्णा, चहा झाला का?' खाली एकच चौकट आणि आत साठ्याचा आकडा.

"लेकीनं करून दिलंय," अण्णा म्हणाले. "तुमच्याच कंपनीत सहा महिनं शिकायला हुती. वरच्या वाड्यांतली बारा-तेरा माणसं हायेत इन्सुलिनवाली. माल हाय का न्हाई ते सकाळीच कळलं की मी जीपवाल्याकडं बर्फाचा डबा देतो. न्हाईतर डबा फुकट जायचा आणि माणसं हात हलवत परत."

"मुलगी कुठे असते आता?" मी विचारलं.

"हायवेवर गेली. गाडीनं उडवलं. पाच वर्सं झाली." त्यांनी कापड परत संगणकावर घातलं आणि कडा सारख्या केल्या. "चहा घ्या की."

परतीच्या एसटीत बाई खिडकीशी बसल्या. कात्रजच्या बोगद्यात शिरताना म्हणाल्या, "किल्ली मीच दिली असणार तिला. नाव विचारलं नसेन तेव्हा."

शुक्रवारी त्यांनी प्लॅटफॉर्मवर मधेच एक छोटा दुवा लिहिला. अण्णांचा जुना प्रश्न आत येताना नव्या पद्धतीत बदलायचा आणि उत्तर बाहेर जाताना पुन्हा जुन्या रूपात. अण्णांना काही कळायचंही कारण नव्हतं. विक्रांत म्हणाला, "एका दुकानासाठी एवढं?" बाई म्हणाल्या, "हो." मालकाच्या रकान्यात त्यांनी अण्णांचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली, कोणी सांगितलं नसताना, मुलीचंही.

त्यानंतर रोज आल्या आल्या त्या आधी सव्वाआठची ओळ बघायच्या. वर्षभराने एका बुधवारी ती आली नाही. गुरुवारी नाही. शुक्रवारी बाईंनी फोन लावला. पुतण्याने उचलला. अण्णा मंगळवारी झोपेतच गेले होते. दुकान आवरायला घेतलं होतं आणि वाड्यांतली माणसं आता इन्सुलिन आणायला भोरला जात होती.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला जवळ बोलावलं. "बस. तो दुवा बंद करायचाय."

"राहू दे ना, बाई. कोणाला त्रास होतोय त्याचा?"

"कोणी वापरत नसेल तर उघडं ठेवायचं नाही. धोका असतो."

त्यांनी सगळं नीट केलं. शेवटी पडद्यावर 'खात्री आहे का?' असा प्रश्न आला. बाईंचा हात माउसवर होता, पण बोट हलेना. मग त्या खुर्ची मागे सरकवून उठल्या. "तू दाब," म्हणाल्या, आणि पाणी प्यायला गेल्या. मी दाबलं. बराच वेळ त्या परत आल्या नाहीत.

काही महिन्यांत आमची कंपनी एका मोठ्या कंपनीने घेतली. पुण्याचं ऑफिस बंद झालं, सगळे घरून काम करायला लागले. बाईंना लवकर निवृत्ती देण्यात आली. त्या बेळगावला बहिणीकडे गेल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथेच वारल्या. मला तिकडे जायला सुट्टी मिळाली नाही, किंवा मी नीट मागितली नाही. त्याबद्दल अजून स्वतःशी भांडते.

मनात राहिलाय तो त्यांचा निरोपाचा दिवस. दुपारची ऑनलाइन मीटिंग. तीसेक माणसं, सगळ्यांचे कॅमेरे बंद, पडद्यावर नुसती नावं. विक्रांत दोन मिनिटं बोलला. बाई म्हणाल्या, "आभारी आहे. काम चांगलं झालं." कोणी टाळीची चित्रं पाठवली. मग एकेक नाव गळायला लागलं आणि दोनच उरली.

"तू का थांबलीस गं?"

"अशीच."

"जेवलीस?"

"नाही अजून."

"मग ताट घेऊन ये. मीही वाढून घेते."

त्यांनी कॅमेरा लावला. त्यांचं घर मी पहिल्यांदा पाहिलं. टेबलाशी दोन खुर्च्या, एकीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. त्यांच्या ताटात मुगाची खिचडी होती, माझ्या डब्यात मेसची कोरडी पोळी. फार बोललो नाही. त्यांनी मला लोणच्याची बरणी दाखवली, मी त्यांना खिडकीतून दिसणारं चिंचेचं झाड दाखवलं. जेवण झालं तरी दोघींपैकी कोणी मीटिंग बंद केली नाही. त्या वर्तमानपत्र चाळत बसल्या, मी काम करत बसले. उन्हं कलली.

पाचच्या सुमाराला त्यांनी मान वर केली. "एक सांगायचं राहिलं तुला," म्हणाल्या. "मी पहिल्या आठवड्यात कंटाळ्याचं जे..." आणि त्यांची चौकट नाहीशी झाली. कंपनीने ठरल्या वेळी त्यांचं खातं बंद केलं होतं.

मी लगेच त्यांना फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. तिसऱ्यांदा लावणार तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की तिकडून त्याही मलाच लावत असणार. मी फोन टेबलावर ठेवला, हात मांडीवर घेतले आणि वाट बघत बसले.