बाणातला न

आमच्या ह्यांना जगात कशाचीही लाज वाटत नाही, असं लग्नानंतर बरेच दिवस माझं ठाम मत होतं. भर रविवारी राजोडीच्या किनाऱ्यावर हा माणूस ओल्या वाळूत पोटावर आडवा पडायचा आणि लाट गेल्यावर मागे राहिलेला फेस कसा विरतो ते बघत बसायचा. एकदा सहलीला आलेल्या लोकांना वाटलं, कुणीतरी बुडून वाहत आलंय. चौघांनी धावत येऊन ह्यांना हातपाय धरून उचललं, तर हे त्यांच्यावरच खेकसले, "अहो, ठेवा मला खाली! फेस जातोय!" मी लांब नारळपाणी पीत उभी होते. मी ह्यांना ओळखत नाही असं तोंड केलं आणि नारळातली मलई खाऊन संपवली.

नाव बळीराम घरत. वैतरणेच्या खाडीकाठच्या शेतकरी घरातला मुलगा, मुंबईतल्या एका सरकारी संशोधन संस्थेत पदार्थविज्ञानाचा शास्त्रज्ञ झाला आणि तिथूनच निवृत्त झाला. सुरुवात केली ती अर्धवाहकांवर, म्हणजे रेडिओ-कॉम्प्युटरच्या पोटात असतात त्या वस्तूंवर. ते जरा मार्गी लागतंय तोच ह्यांना वाळूच्या ढिगाने पछाडलं. ढिगावरून झालं ते आवाजावर. ढवळलेल्या कॉफीच्या कपावर चमचा वाजवत राहिलं की आवाज हळूहळू चढत जातो. हे ह्यांनी एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या सोसायटीत प्रत्येक घरी वाजवून दाखवलंय, सेक्रेटरीच्या आईच्या तेराव्यालासुद्धा. साहेब म्हणायचे, "घरत, एक ना धड भाराभर चिंध्या." बढती नेहमी दुसऱ्याला मिळायची. ह्यांना त्याचंही काही नव्हतं. शेवटी ह्यांचं नाव झालं ते चिखलावर. खाडीचं खारं पाणी शिरतं ती खाजणातली जमीन उन्हाळ्यात वाळते आणि तिला भेगा पडतात, त्या अशाच का पडतात, एवढ्या एका गोष्टीवर ह्यांनी वर्षानुवर्षं घालवली. आता परदेशात कुणाला मंगळावरच्या भेगांचे फोटो समजून घ्यायचे असले, तरी आधी ह्यांचं काम काढून बघतात म्हणे.

तर असा हा माणूस. पण लाज होती. एका अक्षराची होती, आणि ती मी सोडून कुणाला माहीत नव्हती.

ह्यांच्या गावात ण नाहीच. पाण्याला पानी, कोणाला कोन. शाळेतले गुरुजी गावचेच. ते फळ्यावर दोन्ही अक्षरं काढायचे आणि छडी ठेवून शिकवायचे, "ह्यो नळातला न, आनि ह्यो बानातला न." पोरं दोन्ही अक्षरं बिनचूक लिहायची आणि दोन्ही एकच वाचायची. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं मुंबईच्या कॉलेजात. विज्ञान मंडळात मराठीतून भाषण करायला हे मोठ्या हौसेने उभे राहिले. आता पदार्थविज्ञान म्हणजे ण-चं कोठारच. अणू, कण, किरण, घर्षण, गुरुत्वाकर्षण. ह्यांनी "अनू" म्हटलं, "किरन" म्हटलं, आणि "गुरुत्वाकर्षन" म्हणताच मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "बादल्या आणा रे, नळ आला!" सगळं सभागृह हसलं. प्राध्यापकही हसले. पुढची सगळी वर्षं कॉलेजात ह्यांचं नाव 'नळ'.

त्या दिवसापासून हे विज्ञान इंग्रजीतून बोलू लागले, आणि घरगुती बोलायला कुणाची तरी उसनी घ्यावी तशी शुद्ध मराठी बोलू लागले. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, "सरोजिनी, मी कुठे चुकलो की टोकत जा." मी साताऱ्याची. आमच्याकडचा ण असा की भिंतीवर आपटून परत यावा. मी फौजदारासारखी त्या कामाला लागले, आणि हौसेने लागले. माणसानं मागितलं, मी दिलं. दोनेक वर्षांत ह्यांचा ण माझ्यापेक्षा खणखणीत झाला. फक्त एक खोड राहिली. घाबरले की जिथे नको तिथेही ण घालायचे. वजनाचं वजण, मनाचं मण. मी डोळे वटारले की सावरायचे.

पण ह्या सगळ्यात एक माणूस तुटलं. ह्यांची आई, माझ्या सासूबाई, सत्यवती. गावाला गेलो की हे मुके. आईसमोर शुद्ध बोलावं तर परकं वाटायचं, आणि गावचं बोलावं तर जीभ वळत नव्हती, की वळवायची नव्हती, देव जाणे. "बरी आहेस ना," "जेवलो," "निघतो आता," एवढ्यावर मायलेकरांचं भागायचं. शेजारणी सासूबाईंना विचारायच्या, तुझा बळीराम करतो काय? त्या म्हणायच्या, "सरकारी काम हाय. बोलायचा नसते." देशाने अणुचाचणी केली त्या वर्षी तर गावातले लोक पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या गावच्या घरी आले होते. ह्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. सासूबाईंनी पेढ्याला हातही लावला नाही. साखर वाढली म्हणाल्या. त्यांना साखर आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी परदेशातल्या एका संस्थेने ह्यांना चिखलाच्या कामाबद्दल सन्मान दिला आणि पेपरात चार ओळी आल्या. ह्यांचा पुतण्या अल्पेश गावात मंडप-डेकोरेशनचा धंदा करतो. त्याला एवढं निमित्त पुरलं. "काका, आपल्या गावात तुमचा जंगी सत्कार करायचा. देवळाच्या मंडपात. फ्लेक्सचं डिझाईन रेडी आहे." पिकतं तिथे विकत नाही, हे अल्पेशला कोण सांगणार? हे नाहीच म्हणणार होते. पण आम्ही सासूबाईंच्या पडवीतच बसलो होतो. त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बल्या, मी आता जायाची झाली. येकदा मना सांग, तू करतंस काय. मना समजल असा सांग."

ह्यांनी तिच्या तांदळातला एक खडा उचलून अंगणात टाकला. मग म्हणाले, "सत्काराच्या दिवशी सांगेन, आई. भाषणात. सगळं सांगेन."

मला त्याच क्षणी वाटलं होतं, हे पडवीतच सांगा की. आत्ताच. पण बोलले नाही.

सत्काराआधीचा आठवडा आम्ही गावीच राहिलो. हे आतल्या खोलीत दार लावून भाषणाची तयारी करायचे आणि सगळ्या घराला ऐकू जायचं. "कण. घर्षण. प्रमाण. जमिनीतलं पाणी." एकेक शब्द दहा-दहा वेळा. स्वयंपाकघरात चुलीपुढे सासूबाईंचे ओठ हलताना मी बघायची. नव्वदीला टेकलेली बाई, रामनाम घेत असेल, असं समजून मी भाजी चिरत बसायची.

तो दिवस उजाडला. फ्लेक्सवर हे हात जोडून उभे आणि मागे एक रॉकेट उडत होतं. रॉकेट कशाला, विचारलं तर अल्पेश म्हणाला, "काकी, चिखल दाखवला असता तर कोण आलं असतं?" गाव झाडून आलं होतं. सासूबाई पहिल्या रांगेत, ठेवणीतलं लुगडं नेसून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. शाळेत पहिल्या दिवशी बसतात तशा.

हे उभे राहिले. सुरुवात झकास झाली. कण आला, घर्षण आलं, प्रत्येक ण बाणासारखा सुटला. मी सुटकेचा श्वास टाकला. मग ह्यांची नजर आईकडे गेली. काय झालं कोण जाणे, ती जुनी खोड उफाळली. म्हणाले, "आपल्या खाजणातली जमीण..." थांबले. "जमीण वाळते, तेव्हा तिचं वजण..."

मागे पोरांचा घोळका होता. त्यातून एक बारीक आवाज आला, "जमीण!" आणि फिसकन हसू फुटलं. मग बायकांत पसरलं. दुष्टपणाने नव्हे हो. गावाला खरंच गंमत वाटली. आपलाच बल्या, आणि हे कुठलं बोलतोय? ज्या गावात कधीच कुणाचा ण चुकला नाही, कारण तो कुणी म्हटलाच नाही, त्या गावात ण चुकवणारा हा पहिलाच.

ह्यांचा चेहरा मी बघितला. सत्तरीला टेकलेला माणूस पुन्हा त्या कॉलेजच्या सभागृहात उभा होता. "एवढं बोलून मी थांबतो," म्हणाले आणि बसले. भाषण अजून सुरूही झालं नव्हतं. अल्पेशने घाईघाईने शाल घातली, नारळ दिला, टाळ्या झाल्या. रॉकेट वाऱ्यावर फडफडत होतं. आई पुढे बसली होती, आणि तिला काहीही कळलं नव्हतं.

घरी आलो. सासूबाई आमच्या आधीच येऊन आत गेल्या होत्या. हे पडवीत बाकावर बसले, शाल अजून खांद्यावर. मी म्हटलं, ती आधी काढा. काढली नाही. मला म्हणाले, "ती माझ्याकडे बघत पण नव्हती, सरोजिनी." लाज ही अशी चीज आहे की समजूत घालणाऱ्याला तीच दिसते आणि समजूत कुठे घालायची ती जागा दिसत नाही.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. हातात तांब्या आणि भांडं. ह्यांच्यापुढे जरा वाकून उभ्या राहिल्या आणि हळू, एकेक अक्षर जपून उचलत म्हणाल्या,

"तुम्ही पाणी घेता का?"

मला आधी कळलंच नाही काय ऐकलं ते. ह्यांना कळलं. हे तिच्याकडे बघतच राहिले.

"असं काय बोलतेस, आई? तुम्ही काय?"

"मी शिकले," त्या म्हणाल्या. "तुम्ही आत बोलत होता ना, त्येच्यावरून. पाणी. कण. घर्... घर्षण." पाठ म्हणून दाखवावी तसं त्यांनी म्हणून दाखवलं. "मला वाटलं, मोठी माणसं येतील. मला वरती बोलवलं, तर तुमची मान खाली नको माझ्यापायी. पण कोणी बोलवलं नाही." मग घाबरून माझ्याकडे वळल्या. "बराबर बोलले ना, सूनबाई?"

चुलीपुढचं ते रामनाम नव्हतं तर.

ह्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडताना ह्यांना मी कधी बघितलं नव्हतं. सासरे गेले तेव्हाही नाही. तिला सगळं कळलं होतं. भाषणातलं नाही, त्याच्या मागचं. आपला मुलगा इतकी वर्षं आपल्याशी का बोलत नाही, ते तिने ओळखलं होतं, आणि त्याच्यावर रागावण्याऐवजी ती आपली जीभ सुधारायला बसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांचं काय झालं असेल ते विचारूच नका.

तोंड पुसून हे म्हणाले, "आयस." आईला गावात म्हणतात तो हा शब्द ह्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. "आयस, पानी बोल. मना पानी दे."

त्या बघत राहिल्या. मग भांडं भरून दिलं. हे ते प्यायले, सरकून बाकावर जागा केली, आणि अडखळत, शब्द शोधत, मध्येच माझी मराठी घुसली की ती गिळत, आईला सांगू लागले. "खाजनातला चिखल सुकते ना, तवा फाटते. पैल्यांदा कशी बी फाटते. मंग पानी येते, परत सुकते, परत फाटते. असा लय येला झाला की भेगा सुदरतात. मधाच्या पोल्यासारखी घरा होतात. ती तशी का होतात, ता मी बगतंय."

"चिखल?"

"चिखल."

"दुसरा काय नाय करीत?"

"फेस बगतंय. वालू बगतंय. दुसरा काय नाय."

सासूबाई ह्यांच्याकडे एकटक बघत होत्या. आता हसतील, असं मला वाटलं. चिखल बघायला माणूस एवढं शिकला म्हणून कुणीही हसलं असतं. पण त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"मंग तू बॉम नाय करीत?"

"बॉम?"

"मना वाटला, तू बॉम करतंस. म्हनून सांगत नायस. तुजा बापूस बी ह्योच समजून गेला." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "दर सालाला गावदेवीला नारल फोडतंय मी. बोलतंय, आये, माज्या पोराच्या हातून जी मानसा मरतील, त्येंचा पाप माज्यावर घाल. त्येच्यावर नको."

ह्यांनी अंगावरची शाल काढली, घडी घातली आणि बाजूला ठेवली. सत्काराचा नारळ तिथेच पडला होता. सासूबाईंनी तो उचलून हातात फिरवला आणि अगदी साध्या मनाने विचारलं, "मंग आता कशाला फोडू ह्यो?"

"फोड, आयस," हे म्हणाले. "पाप हाय. बॉमचा नाय. तुज्याशी न बोलल्याचा."