कोर्वा ग्रह आणि तीन हॉर्सपॉवरचा पंप

सोनाळ्यात शंकररावांना कोणी ‘ग्रहवाले’ म्हटलं तर ते चिडत नसत. उलट विचारत, "मागचा भाग पाह्यला का बे?"

दर रविवारी साडेदहाला हिंदीत डब केलेली एक मालिका लागायची. आभाळाच्या पार टोकाला कोर्वा नावाचा ग्रह, त्यावर शेती करणारी साठ माणसं. घरचं राखलेलं बी तिथं नीट येत नसे. दरसाल पृथ्वीवरून जहाज येई तेव्हाच पेरणी. शंकररावांना यात काही नवल वाटलं नाही. ते तीन वर्षांपासून दरसाल बीटी कपाशीच्या बियाण्याची पाकिटं विकत आणत होते.

मग पृथ्वीनं जहाज बंद करायचं ठरवलं. माणसं ग्रह सोडणार की राहणार, हे शेवटच्या भागात कळणार होतं. राहतील, असं शंकरराव पानटपरीवर महिनाभर छातीठोक सांगत होते.

अडचण एकच. त्या आठवड्यात गावातली लाइन दहाला जाई आणि शेतातली दहालाच येई. म्हणून त्यांनी टीव्ही सायकलला बांधून मळ्यातल्या पंपाच्या खोलीत नेला, अँटेना निंबाला लटकवला. पऱ्हाटी बोंडांवर होती, पाण्यावाचून माना टाकत होती. त्यांच्या बायकोनं, गोजरबाईंनी, अट घातली: पंप बंद होणार नाही. स्वतः स्टार्टरच्या पेटीशी पहाऱ्याला बसल्या.

पंप सुरू असला की व्होल्टेज पडे आणि चित्र चपटं होई. कोर्वाची साठही माणसं चार बोटांच्या पट्टीत वावरत होती. शंकरराव तेवढंच पाहत होते.

तेवढ्यात तीनपैकी एक फेज गेला. पंप थांबला, टीव्ही उरलेल्या फेजवर चालू राहिला आणि चित्र पडदाभर झालं. नवऱ्यानं वायरमनला चहा पाजला असणार, असा गोजरबाईंना संशय आला. पण चित्र मोठं झाल्यावर त्याही पाहू लागल्या. जहाज उतरलं. कप्तानानं सगळ्यांना चढायला सांगितलं. एक म्हातारा वावरातून पुढं आला, त्यानं तोंड उघडलं, आणि फेज आला. ऑटो स्विचनं पंप आपोआप सुरू झाला. म्हातारा पुन्हा चपटा.

शंकरराव हलले नाहीत. शब्द दिलेला होता.

गोजरबाईंनी लाल बटण दाबलं.

"बोलू द्या त्याले," त्या म्हणाल्या.

म्हातारा बोलला. माणसं राहिली, जहाज रिकामं परत गेलं.

"येडेच हायेत," गोजरबाई म्हणाल्या, हिरवं बटण दाबलं आणि पाणी फिरवायला फावडं घेऊन सरीत उतरल्या.