आपोआप बिघडलेली डिस्क

डिस्कवाल्या मावशींच्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस आल्या आल्या एकच वाक्य बोलतो, "मावशी, आम्ही काहीही केलं नाही हो, आपोआप बंद पडली." त्यावर मावशींचं मत ठरलेलं आहे. आपोआप फक्त केस पिकतात, बाकी सगळ्याला कुणाचा ना कुणाचा हात लागतोच.

मावशी आधी घड्याळं दुरुस्त करायच्या. लोक वेळ मोबाइलमध्ये बघायला लागले तेव्हा त्यांनी डोळ्याला लावायचं भिंग आणि बारीक स्क्रू ड्रायव्हर तेच ठेवले, रोगी तेवढे बदलले. आता त्या बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून लोकांचे फोटो आणि व्हिडिओ बाहेर काढून देतात. एरवी त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण टेबलावर डिस्क फिरायला लागली की दुकानात शिंकायचीसुद्धा बंदी.

त्या दिवशी सकाळी सासरे आणि सून असे दोघं आले. सासरे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, सून शाळेत चित्रकला शिकवणारी. रुमालात गुंडाळलेली डिस्क त्यांनी अशी हळूच टेबलावर ठेवली, की मावशींना वाटलं आता हिचं नाव काय ठेवायचं ते विचारतात.

"आपोआप..." सासरे म्हणाले.

"...बंद पडली," सुनेनं पुरं केलं.

आत काय आहे, असं विचारल्यावर मात्र दोघं खरं बोलले. सासूबाई घरातच बालवाडी चालवायच्या. मुलांना त्या गोष्टी सांगत असताना सासऱ्यांनी त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता. मुलाचं लग्न व्हायच्या आधीच त्या गेल्या. सुनेनं त्यांना पाहिलंही नव्हतं. पण आता घरात चार वर्षांची नात होती आणि आजीची गोष्ट लावल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. चार दिवस दोघं तिला 'आजी गावाला गेलीय' असं सांगत होते.

"दुसरीकडे कुठे कॉपी करून ठेवलंय?"

दोघांनी एकदमच फरशीकडे पाहिलं. मावशी काय समजायचं ते समजल्या.

डिस्क पडलीय की म्हातारी झालीय, यावर उपचार ठरतो. मार बसलेली डिस्क घाईनं चालू केली तर होतं नव्हतं तेही जातं. म्हणून मावशींनी सासऱ्यांना कोपऱ्यावर चहा सांगायला पाठवलं. त्यांची पाठ वळताच सून पुढे वाकली.

"मावशी, तुम्हाला म्हणून सांगते. धूळ पुसताना माझ्याच हातून पडली. बाबांजवळ बोलू नका हं, त्यांचा जीव की प्राण आहे ती."

मग मावशींनी सुनेला समोरच्या दुकानातून केबल आणायला पिटाळलं. सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि आधी दाराकडे बघून घेतलं.

"महिनाभर टकटक वाजत होती हो. एक मित्र म्हणाला, फ्रीझरमध्ये ठेव, बरी होते. ठेवली. मटारच्या पिशवीखाली." त्यांनी पुन्हा दाराकडे पाहिलं. "सूनबाईला कळू देऊ नका. असले उद्योग करू नका म्हणून ती आधीच सांगून थकलीय."

मावशींची अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी झाली. दोन गुपितं, दोन्ही हसू फुटण्यासारखी, आणि बोलायची चोरी! जीभ दाताखाली धरून त्यांनी दोघांना घरी पाठवलं.

डिस्क त्यांनी आधी चांगली सुकू दिली. मग तिची बाहेरची पेटी उघडून पाहिलं. पडल्यामुळे नुसती केबल लावायची जागा निखळली होती, रबरी कडेनं बाकी मार झेलला होता. टकटक होती ती वयाची. आत जागोजागी खराब पट्टे पडले होते. पेटीतून काढून डिस्क थेट जोडली आणि मावशींनी तिच्याकडून एकेक गोष्ट काढून घेणं सुरू केलं. जे सहज देईल ते आधी घ्यायचं, अडेल ते मागे ठेवायचं, तापली की विसावा द्यायचा. "दे गं बाई, घाई नाही मला," असं त्या तिला म्हणत होत्या, आणि ही गोष्ट त्या कबूल करत नाहीत.

बोलावल्या दिवशी सासरे-सून दुकान उघडायच्या आधीच दाराशी हजर.

"जवळजवळ सगळं आलंय," मावशी म्हणाल्या. "एका गोष्टीत तेवढी फट राहिलीय. तीच लावते, म्हणजे नंतर धक्का नको."

स्पीकरमधून एक खणखणीत, हसरा आवाज आला. अस्वलाला चष्मा लागल्याची गोष्ट होती. "अस्वलानं चष्मा नाकावर चढवला, आणि खाली बघतं तर काऽऽय..."

आवाज तुटला. नुसती खरखर. सासऱ्यांचा चेहरा पडला.

"...तर काऽऽय," सून सहज पुढे म्हणाली, "ज्या डोंगराला घाबरून ते इतके दिवस गुहेत बसलं होतं, तो डोंगर म्हणजे त्याचं स्वतःचंच पोट!"

खरखर थांबली आणि स्पीकरमधून बालवाडीतली पोरं खदाखदा हसली.

सासरे तिच्याकडे बघतच राहिले. "अगं, ती अशीच थांबायची 'काय'वर. अगदी अशीच. तू तर तिला पाहिलंही नाहीस!"

"रोज दोन वेळा ऐकते, बाबा. आईंचा आवाज आला की मलाही बरं वाटतं," सून म्हणाली, आणि तिचा बांध फुटला. "बाबा, डिस्क माझ्याच हातून पडली."

"आणि मी ती मटारखाली ठेवली होती, त्याचं काय?"

"मटार? म्हणजे ती पिशवी म्हणून फाटली होती?"

"सुटले गं बाई!" मावशींनी टेबलावर हात आपटला. "दोघांनीही मारली नाही तिला. वय झालं होतं."

दोघं डोळे पुसत हसत होते. मग सासरे जरा चाचरत म्हणाले, "मावशी, ती फट... तिथे हिचा आवाज भरता येईल का?"

"नको हो बाबा, आईंच्या मध्ये मी कुठे!"

"नात तुझी लेक आहे. आजी-नातीच्या मध्ये तू असायलाच हवीस."

मावशींनी माइक पुढे सरकवला. सुनेनं घसा साफ केला आणि ओळ म्हटली. ती संपते न संपते तोच, सासूबाईंच्या सवयीप्रमाणे तिनं विचारलं, "कळलं का रे पोरांनो?"

दुकानात पोरं नव्हती. सत्तरी ओलांडलेले सासरे माइककडे वाकले आणि जोरात म्हणाले, "होऽऽ बाई!"