अर्जावरची पहिली सही

हरकतीच्या अर्जावरची स्वतःची सही पाटणकर काकांनी आज माझ्यासमोर खोडली. आमच्या कॉलनीमागच्या मोकळ्या जागेत आठ टॉवर होणार आहेत, आणि आम्हाला आत्ताच पाणी एक दिवसाआड येतं. अर्ज द्यायचं ठरवलं काकांनीच. "तू कॉलेजात जातेस, तूच लिही," म्हणाले होते. आमच्या घरात आजवर कुणाला असं कुणी म्हटलं नव्हतं.

"मुलगा त्याच कामावर इंजिनिअर लागलाय गं. समजून घे," म्हणत त्यांनी पेन मागितलं.

समजून घेता येईलही कदाचित. पण सही करताना त्यांनी चष्मा लावला होता, कागद सरळ केला होता. खोडताना ते चष्मा आणायला आपल्या दारातून आतही वळले नाहीत. त्या रेघेखाली माझ्या आईची सही आहे. काकांनी अंगठा नको म्हटलं, म्हणून तिने ती आठवडाभर गिरवली होती.

घरी आल्यावर आई म्हणाली, "उद्या नगरपालिकेत काका बोलतील ना? मी त्यांच्यामागे उभी राहीन."

"काका नाही, मी बोलणार आहे," एवढंच मला म्हणता आलं.