लॅमिनेशन केलेलं मायग्रेशन

इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष उरलेलं असताना मी दूरचं विद्यापीठ सोडून घराजवळच्या विद्यापीठात यायचं ठरवलं. आमच्या तालुक्यातल्या गोरेगावच्या जीपमध्ये शेजारच्या काकांनी विचारलंच, "मांडवात आल्यावर घोडं काहून बदलून राहिला?" मी सगळ्यांना एकच सांगायचो, तिथला सिलॅबस जुना आहे. सिलॅबस म्हणजे काय हे कुणी विचारत नाही, म्हणून कारण मजबूत होतं.

विद्यापीठ बदलायला लागणारं जुन्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट मिळायला दीड महिना गेला. आमच्या घरात महत्त्वाचा कागद तसाच ठेवत नाहीत. सातबारा, माझा दहावीचा निकाल, गाईच्या विम्याची पावतीसुद्धा लॅमिनेशन करून पत्र्याच्या पेटीत जाते. मी झोपेत असतानाच बाबा सेनगावला गेले आणि दुपारी मायग्रेशन चकचकीत करून घेऊन आले.

"आता हळदीचा हात लागला तरी फिकीर न्हाई," ते म्हणाले. मलाही ते बराबर वाटलं. मीही त्याच घरातला.

शेवटच्या तारखेला आम्ही दोघं नव्या कॉलेजच्या खिडकीशी उभे राहिलो. क्लार्कबाईंनी कागदाच्या मागे 'प्रवेश दिला' असा शिक्का मारला. तो ओघळला आणि त्यांच्या बोटांना लागला. पुन्हा मारला, पुन्हा बोटं निळी.

"हे प्लॅस्टिक कुणी लावलं?"

"म्या. डबल जाडीचं हाय," बाबा अभिमानानं म्हणाले.

"काढा, नाहीतर दुसरं आणा. पाच वाजता प्रवेश बंद."

दुसरं म्हणजे आणखी दीड महिना, म्हणजे वर्ष बुडालं. मी नखानं कोपरा सोलायला गेलो, तर प्लॅस्टिकबरोबर विद्यापीठाचा गोल शिक्काच निघायला लागला. माझं डोकं फिरलं. "तुम्हाला सांगितलं होतं कुणी?" मी सगळ्यांसमोर बाबांवर ओरडलो. त्याची मला अजून लाज वाटते.

बाबा सोललेला कोपरा अंगठ्यानं परत दाबायला लागले. बाईंनाच दया आली असावी. "काका, लॅमिनेशन कुणी केलं आणि मुलगा बदली का घेतोय, ते कागदावर लिहून द्या. प्राचार्यांना विचारते. ते हो म्हणाले तर तुमच्या त्या अर्जावरच शिक्का मारून मायग्रेशनला जोडते."

बाबा पायरीवर बसून अर्धा तास लिहीत होते. खिडकीकडे नेता नेता मी अर्ज वाचला.

'लॅमिनेशन मी केले. पोराचा कसूर न्हाई. पोरगं तिकडं एकलं पडलं होतं. फोनवर जेवलो म्हणायचं, पण आवाज उपाशी यायचा. म्हणून जवळ आणून राहिलो. सिलॅबसचं मला ठाऊक न्हाई.'

बाई अर्ज घेऊन आत गेल्या. पावणेपाचला परत आल्या आणि बाबांच्या अक्षराखाली शिक्का मारला. पहिल्याच फटक्यात उमटला.

मी त्या अर्जाची झेरॉक्स मागून घेतली. येताना सेनगावला उतरून तिचं लॅमिनेशन करून घेतलं, डबल जाडीचं.